कंदिलात तेल किती?

वाचक मैत्रिणीचं पत्र:

नमस्कार ताई,

गेली दोन वर्षं मी आठ ते बारा वर्षांच्या मुलांसाठी नाताळची एक जादुई साहसकथा लिहिते आहे. अकरा वर्षांची तारा आणि तिचा सहा वर्षांचा भाऊ नील यांना माळ्यावर एक जुना कंदील सापडतो. त्याच्या उजेडात भिंतीत दार उघडतं आणि दोघं उत्तर ध्रुवावर पोचतात. तिथे काळोखराजाने सांताक्लॉजला झोपवून ठेवलेलं असतं. मुलं सात संकटं पार करतात, शेवटी सांता जागा होतो, काळोखराजाला हरवतो आणि मुलांना घरी सोडतो. एकूण ४१ प्रकरणं, ९२ हजार शब्द. माझ्या दहा वर्षांच्या भाच्याला वाचायला दिलं. सातव्या प्रकरणात त्याने कागद खाली ठेवले आणि म्हणाला, "मावशी, यांना काही होणार नाही हे मला कळलंय." त्या दिवसापासून माझा हात चालत नाही.

दुसरी अडचण. भाच्याला सांताचं गुपित, म्हणजे भेटी आईबाबाच ठेवतात हे, माहीत आहे, पण त्याची सात वर्षांची बहीण शेजारी बसून ऐकत असते. तिला माहीत नाही. मी एकाच पुस्तकात दोघांशी खरं कसं बोलू? आणि उडणारे रेनडिअर, बुटके, धुराडं हे सगळं इतकं वापरून झालंय की मी त्यात नवीन काय आणणार? सोबत सहा ते आठ ही तीन प्रकरणं पाठवते आहे.

एक मावशी

उत्तर:

प्रिय मैत्रीण,

तिन्ही प्रकरणं वाचली, सातवं दोनदा वाचलं. तुमचा भाचा फार चांगला वाचक आहे. त्याला कंटाळा आला असता तर त्याने तसं सांगितलं असतं आणि आपल्याला त्यातून काही कळलं नसतं. त्याने दुखतंय कुठे ते बोट ठेवून दाखवलं.

सातव्या प्रकरणात बर्फाला तडा जातो आणि नील पाण्यात पडायला येतो. हा प्रसंग तुम्ही मनापासून लिहिला आहे. नीलचा हातमोजा बर्फाच्या कडेला अडकून राहतो ते वाक्य मला अजून दिसतंय. मग तारा कंदील उंच धरते आणि पाणी गोठतं. आधीच्या प्रकरणात याच कंदिलाने दोघांना अदृश्य केलं होतं. आठव्यात त्याच्या उजेडात कोल्हा बोलायला लागतो. म्हणजे तहान लागली की कंदील विहीर खणून देतो. दहा वर्षांच्या मुलाला हे दोन प्रकरणांत कळतं. ते कळल्यावर तडा गेलेल्या बर्फाची भीती त्याला वाटणार कशी?

म्हणून माझा पहिला प्रश्न कंदिलाबद्दल आहे. त्यात तेल किती आहे?

तुमच्या तीन प्रकरणांत तेलाचा उल्लेख एकदाही नाही. तुम्ही जादूची वस्तू म्हणून कंदील निवडलात ही मोठी नशिबाची गोष्ट आहे. अंगठी किंवा छडी किती उरली हे कुणाला दिसत नाही. कंदिलातलं तेल दिसतं. कंदील एकच काम करेल असं ठरवा: अंधारात, भिंतीवर उजेड पडला की दार उघडेल. अदृश्य करणं, गोठवणं, प्राण्यांना बोलतं करणं काढून टाका. एका दाराला बोटभर तेल लागतं आणि टाकीत सुरुवातीला सात बोटं तेल आहे. पुन्हा भरता येत नाही. हे तिसऱ्या प्रकरणात मुलांना कळू द्या, आणि ते कुणा म्हाताऱ्याने समजावून सांगायला नको. पहिलं दार उघडून झाल्यावर ताराच बोट लावून पाहील, थोडं कमी झालेलं दिसेल आणि ती गप्प बसेल. तिथून पुढे तुमचा भाचा प्रत्येक दाराला मनात वजाबाकी करत वाचेल. पाच उरली, चार उरली. जे मूल मोजायला लागलं ते कागद खाली ठेवत नाही.

"अंधारात" हा शब्द मी मुद्दाम घातला, कारण त्याच्याबरोबर सगळा भूगोल तुमच्या मदतीला येतो. डिसेंबरात उत्तर ध्रुवावर सूर्य उगवतच नाही. सप्टेंबरअखेर मावळलेला तो मार्चमध्ये वर येतो. म्हणजे तिथे कंदील दिवसरात्र चालेल. आणि दक्षिण टोकाला नेमकं उलट: अंटार्क्टिकाच्या बहुतेक भागात त्या दिवसांत सूर्य मावळतच नाही. तिथल्या एखाद्या संशोधन तळावरच्या माणसाला काही पोचवायचं असेल तर दार उघडणार कसं? ताराला अंधार शोधावा लागेल. कपाटात शिरून, ब्लँकेटखाली, एखाद्या पेटीत. एक साधा नियम आणि पृथ्वीचा कललेला अक्ष यातून तुम्हाला एक अख्खं प्रकरण मिळालं, आणि त्यात कुठल्याही राक्षसाची गरज पडली नाही.

तुमच्या उत्तर ध्रुवावर डोंगर आहेत, गुहा आहे, सांताच्या कारखान्याला दगडी पाया आहे. खऱ्या उत्तर ध्रुवावर जमीनच नाही. खाली सुमारे चार हजार मीटर खोल समुद्र आणि वर तरंगता बर्फ. तो बर्फ एका जागी राहत नाही, वाहत असतो. नॉर्वेच्या फ्रित्यॉफ नान्सेनने १८९३ साली 'फ्राम' नावाचं जहाज मुद्दाम बर्फात अडकू दिलं; ते त्या बर्फाबरोबर वाहत वाहत १८९६ साली बाहेर पडलं. हे वाचलं तेव्हापासून मला वाटत आलंय की सांताचं घरही वाहतच असणार. रोज सकाळी कुणीतरी बाहेर येऊन आपण आज कुठे आहोत ते मोजत असणार, आणि त्या वहीत शंभर वर्षांच्या नोंदी असणार. तुमच्या सातव्या प्रकरणातला तो तडा तिथे न्या. तडा सांताच्या अंगणात जातो. घर एका तुकड्यावर, स्लेज दुसऱ्यावर, मध्ये काळं पाणी रुंद होत चाललेलं. सांताला झोपवायची गरजच उरत नाही. तो जागा आहे, तुकड्याच्या कडेला उभा आहे, ओरडून सांगतो आहे, आणि वाऱ्यामुळे त्याचं अर्धंच ऐकू येतं आहे. भेटी आता मुलांनाच पोचवायच्या आहेत.

हे मी आग्रहाने सांगते: सांताला शेवटी जिंकू देऊ नका. ४० प्रकरणं मुलांनी पायपीट करायची आणि ४१व्यात एका मोठ्या माणसाने उठून सगळं निस्तरायचं, हा त्या मुलांवर अन्याय आहे. या वयाच्या वाचकाला घरी आणि शाळेत दिवसभर मोठी माणसंच निस्तरून देत असतात. तो पुस्तक उघडतो ते आपल्याएवढ्या कुणाला तरी स्वतः निस्तरताना पाहायला.

आता तुमच्या दुसऱ्या अडचणीकडे येते. माझ्या मते तुमच्या कादंबरीचा जीव तिच्यातच आहे, आणि तुम्ही तिला अडचण समजून बाजूला ठेवली आहे.

आठ ते बारा हे वय पाहा. याच वयात मुलाला ते गुपित कधीतरी कळतं. कधी कुणी वर्गात सांगतं, कधी अक्षर ओळखू येतं, कधी नुसताच हिशोब जुळत नाही. कळल्यावर बहुतेक मुलं ते लगेच बोलत नाहीत. त्यांना दोन भीती असतात. एक, की आता आपल्यासाठी हे सगळं संपलं. दुसरी, की आईबाबांना कळलं की आपल्याला कळलंय, तर त्यांना वाईट वाटेल. मुलांच्या हस्तलिखितांवर इतकी वर्षं काम करताना मी नाताळच्या कितीतरी गोष्टी वाचल्या. त्यातल्या खूप गोष्टींत 'ज्याचा विश्वास आहे त्यालाच जादू दिसते' हा नियम असतो, आणि न मानणारं मूल शेवटी मानायला लागलं की संकट टळतं. मला हा नियम कधीच आवडला नाही. ज्या मुलाला कळलं आहे त्याने काही गुन्हा केलेला नाही. तो फक्त वाढला आहे. त्याला वाढल्याबद्दल दोषी ठरवणारी गोष्ट तो पूर्ण वाचेल कशाला?

ज्या माणसापासून सांताची सगळी परंपरा निघाली त्याची आख्यायिका तुम्हाला इथे उपयोगी पडेल. संत निकोलस चौथ्या शतकात मायरा या गावचा बिशप होता. ही जागा आज तुर्कस्तानात येते. एका गरीब बापाला तीन मुली होत्या आणि त्यांच्या लग्नासाठी पैसा नव्हता. निकोलसने रात्री गुपचूप खिडकीतून सोन्याची थैली आत टाकली. काही काळाने दुसऱ्या मुलीसाठी दुसरी. तिसऱ्या वेळी बाप जागा राहिला, धावत गेला आणि त्याला गाठलं. निकोलसने त्याला एवढंच सांगितलं, की हे कुणाला सांगू नकोस.

म्हणजे सांता मुळातच पकडला गेलेला आहे! ही गोष्ट जिथून सुरू झाली तिथेच कुणालातरी गुपित कळलं आणि ज्याला कळलं त्याच्यावर ते जपायचं काम आलं. तुमचा भाचा आज त्या तिसऱ्या रात्रीच्या बापाच्या जागी उभा आहे. त्याच्यासाठी नाताळ संपलेला नाही. आजवर तो घेणाऱ्यांच्या बाजूला होता, आता देणाऱ्यांच्या बाजूला आला आहे. ताराचा प्रवास हाच असू द्या.

आता हे शेजारी ऐकणाऱ्या सात वर्षांच्या मुलीसमोर लिहायचं कसं? निवेदकाच्या तोंडून कुठेच निकाल देऊ नका. खरा आहे असंही नाही आणि नाही असंही नाही. ताराच्या मनातला संशयही शब्दांत मांडू नका. तिची कृती दाखवा. पहिल्या प्रकरणात नील सांताला पत्र लिहितो आहे आणि तारा त्याला मदत करते आहे. तो विचारतो, "तुझं पत्र?" ती म्हणते, "या वर्षी मला काही नकोय." एवढंच. भाचा हे वाचेल आणि मान वर करेल, कारण त्याला कळलं. त्याच्या बहिणीला एवढंच ऐकू येईल की तारा आपल्या भावाला मदत करते आहे, आणि तेही खरंच आहे. दोन वाचक, एक वाक्य, कुणाशीच खोटं नाही. असं पुस्तकभर करता येतं. अवघड आहे, पण तुमच्या हातमोज्याच्या वाक्यावरून मला वाटतं तुम्हाला जमेल.

आणि त्या "मला काही नकोय"ला पुढे कामाला लावा. समजा सांताची थैली उचलायची अट अशी आहे की ज्याने या वर्षी स्वतःसाठी काही मागितलं आहे त्याला ती हलत नाही. बुटक्यांनी सगळ्यांनी काहीतरी मागितलेलं असतं. नीलचं तर पत्रच आहे, तो जोर लावून लावून लाल होतो. मग तारा हात घालते आणि थैली सहज उचलली जाते. सगळे तिच्याकडे पाहतात. का उचलली गेली ते फक्त तिला ठाऊक आहे. ज्या गोष्टीचं तिला पहिल्या प्रकरणापासून वाईट वाटत होतं तीच तिची ताकद निघाली. हे तिला कुणी समजावून सांगू नये, नाहीतर सगळं हातचं जाईल.

काळोखराजाबद्दल. मी वाचलेल्या तीन प्रकरणांत तो हसतो, धमकावतो आणि अंधार पसरवतो. त्याला नाताळ का बंद करायचा आहे ते मला कळलं नाही. तुम्हाला कळलं आहे का? हे मी मनापासून विचारते आहे, कारण नुसत्या दुष्टपणाची भीती सात वर्षांपर्यंत वाटते, दहाव्या वर्षी नाही. दहा वर्षांच्या मुलाला तक्रार कळते. तेव्हा काळोखराजाला एक खरी तक्रार द्या. तो पूर्वी सांताच्याच कारखान्यात होता असं धरू. उत्तम कारागीर. वर्षानुवर्षं त्याने बनवलेली खेळणी जगभर गेली आणि त्याचं नाव एकाही खोक्यावर नव्हतं. त्याला भेटी चोरायच्या नाहीत, थांबवायच्याही नाहीत. त्याला प्रत्येक भेटीवर आपलं नाव लिहायचं आहे. वर्गात दुसऱ्याच्या कामाला शाबासकी मिळालेली पाहिलेलं प्रत्येक मूल त्याच्या बाजूने अर्धं झुकेल, आणि झुकायलाच हवं. आता खलनायक आणि नायिका एकाच प्रश्नावर समोरासमोर आहेत: दिलं, पण कुणाला कळलं नाही, तर ते दिलं म्हणायचं का? तुमच्या सात संकटांपैकी मला या एका भांडणासाठी चार संकटं आनंदाने सोडून द्यावीशी वाटली.

(नाव मात्र बदला. 'काळोखराज' ऐकलं की मूल आधीच निकाल लावतं. कारागिराचं साधं नाव ठेवा, एखादं प्रेमाने हाक मारता येईल असं.)

नवीन काय आणणार, हा तुमचा तिसरा प्रश्न. तुम्हाला जे जुनं आणि ठरलेलं वाटतं ते फारसं जुनं नाही आणि ठरलेलं तर मुळीच नाही. आठ रेनडिअर १८२३ साली अमेरिकेतल्या ट्रॉय गावच्या वर्तमानपत्रात निनावी छापलेल्या एका कवितेतून सगळ्यांच्या तोंडी झाले. त्या कवितेतला सांता एवढासा आहे, त्याची स्लेजही छोटीशी, म्हणून तर तो धुराड्यातून उतरू शकतो. उत्तर ध्रुवाचा पत्ता रूढ झाला तो थॉमस नास्ट या व्यंगचित्रकाराच्या चित्रांमुळे; त्याने १८६३ पासून पुढे बरीच वर्षं सांता रंगवला. प्रत्येकाने आपल्या परीने भर घातली. तुम्हीही घाला. एक सावधगिरी तेवढी बाळगा. लाल नाकाचा नववा रेनडिअर १९३९ साली रॉबर्ट मे यांनी एका दुकानसाखळीच्या पुस्तिकेसाठी निर्माण केला आणि त्याचे हक्क राखीव आहेत. तुमच्या सहाव्या प्रकरणात तो दोन ओळींत येऊन जातो. त्याला काढा.

रेनडिअर स्वतः काही कमी नवलाचे नाहीत. नरांची शिंगं हिवाळ्याच्या सुरुवातीला गळून पडतात, माद्यांची वसंतापर्यंत टिकतात. म्हणजे नाताळच्या रात्री डौलदार शिंगं मिरवत स्लेज ओढणाऱ्या बहुधा सगळ्या माद्याच! त्यांच्या डोळ्यांच्या आतला चकाकणारा थर उन्हाळ्यात सोनेरी असतो आणि हिवाळ्याच्या अंधारात निळा होतो. चालताना त्यांच्या पायांतून टकटक असा आवाज येतो. अंधारात आधी टकटक ऐकू यावी, मग कंदिलाच्या उजेडात निळे डोळे चमकावेत. तुमच्या आठव्या प्रकरणातल्या बोलणाऱ्या कोल्ह्यापेक्षा मला याचा शहारा जास्त येतो. बोलणारे प्राणी तरीही हवेच असतील, तर युरोपातल्या बऱ्याच भागांत जुनी समजूत आहे की नाताळच्या मध्यरात्री गोठ्यातल्या जनावरांना वाचा फुटते. पण फक्त तेवढ्याच वेळेपुरती. एका घटकेत काय विचाराल, हा प्रश्न कोल्ह्याच्या गप्पांपेक्षा कितीतरी चांगला आहे.

सांता एकटाच नाही, हेही मुलांना कळू द्या. आइसलंडमध्ये तेरा भाऊ आहेत. १२ डिसेंबरपासून रोज एक असे डोंगरातून खाली येतात. कुणी दारं आपटतो, कुणी चमचे चाटतो, कुणी मेणबत्त्या पळवतो. त्यांची आई ग्रिला राक्षसीण आहे, आणि घरात एक प्रचंड मांजर आहे, जी नवे कपडे न मिळालेल्यांना खाते. इटलीत ५ जानेवारीच्या रात्री बेफाना नावाची म्हातारी झाडूवर बसून येते. तिची आख्यायिका मला फार आवडते. तीन ज्ञानी पुरुष बाळ येशूच्या शोधात चालले होते, त्यांनी तिला सोबत बोलावलं. ती म्हणाली, घर झाडायचं राहिलंय. नंतर तिला पश्चात्ताप झाला, ती निघाली, पण ते सापडले नाहीत. तेव्हापासून ती प्रत्येक घरात त्या बाळाला शोधते आणि जे मूल भेटेल त्याच्यापाशी काहीतरी ठेवून जाते. पण या सगळ्यांना रांगेने आणू नका, ते मग प्रदर्शन होईल. एकच निवडा. मी असते तर बेफानाला घेतलं असतं, कारण उशीर झालेल्या माणसाला उशीर म्हणजे काय ते सांगावं लागत नाही, आणि तुमच्या गोष्टीत घड्याळाची उणीव आहे.

घड्याळाचंही सांगते. तुमची मुलं उत्तर ध्रुवावर किती दिवस आहेत हे मला तीन प्रकरणांत समजलं नाही. नाताळच्या गोष्टीला घड्याळ फुकट मिळतं, ते वापरा. पृथ्वीवर मध्यरात्र एकदम होत नाही. वस्ती असलेल्या जागांत २५ डिसेंबर सगळ्यात आधी लागतो तो प्रशांत महासागरातल्या किरिबाटी देशाच्या पूर्वेकडच्या बेटांवर. त्यातल्या एकाचं नाव किरितिमाती, जे 'ख्रिसमस' या शब्दाचंच तिथल्या भाषेतलं रूप आहे. कॅप्टन कुक १७७७ साली २४ डिसेंबरला तिथे पोचला म्हणून ते नाव. आणि २५ तासांनंतर तीच मध्यरात्र अमेरिकन सामोआत होते, त्याच महासागरात. तुमच्या मुलांना २५ तास आहेत. ख्रिसमस नावाच्या बेटापासून सुरुवात, पश्चिमेकडे पश्चिमेकडे जात शेवटच्या मध्यरात्रीपर्यंत. प्रत्येक प्रकरणाच्या माथ्यावर दोनच आकडे छापा: तास किती उरले, तेल किती बोटं उरलं.

लांबीबद्दल फार बोलत नाही. ९२ हजार शब्द या वयाला जड होतील. इंग्रजीत या वयासाठीच्या कादंबऱ्या साधारण ३० ते ५० हजार शब्दांच्या असतात, कल्पनारम्य असल्या तर थोड्या जास्त. मराठीत विभक्ती आणि शब्दयोगी अव्ययं शब्दालाच चिकटतात, त्यामुळे तेवढ्याच मजकुराला आपले शब्द कमी भरतात. २४ प्रकरणं करा, प्रत्येक सुमारे १,८०० शब्दांचं. नाताळची वाट पाहताना रोज एक खिडकी उघडायची ती २४ खिडक्यांची दिनदर्शिका असते ना, तसं १ डिसेंबरपासून रोज एक प्रकरण वाचता येईल. मोठ्याने वाचायला पंधरा-सोळा मिनिटं. भाचा वाचेल, बहीण ऐकेल. चार संकटं गेली की निम्मं काम आपोआप होईल.

राहिला शेवट. शेवटच्या मध्यरात्रीला काही मिनिटं आहेत आणि टाकीत एकच बोट तेल आहे. एक दार उघडेल. घरी परतायचं की उरलेल्या एका मुलाकडे जायचं? ताराने उरलेल्या मुलाकडे जावं, हे तुम्हालाही वाटत असणार. मग दोघं घरी कशी आली? सांताने सोडलं हे उत्तर चालणार नाही, तो अजून बर्फाच्या तुकड्यावर आहे. उत्तर नीलकडे असू द्या. आत्ता तो तुमच्या गोष्टीत फक्त वाचवला जातो. सहा वर्षांच्या मुलाला फुंकर मारायला आवडते. दुसऱ्या प्रकरणापासून तो प्रत्येक दारातून बाहेर पडलं की लगेच कंदिलावर फुंकर मारतो, तारा दरवेळी रागावते, "अरे, अंधार झाला ना!", आणि वाचकालाही त्याचा थोडा राग येतो. शेवटी टाकी रिकामी असायला हवी तेव्हा तारा बोट लावून पाहते आणि तेल लागतं. अगदी एक बोट. दर फुंकरीला वाचलेलं थेंब थेंब. वजाबाकी करत आलेला तुमचा भाचा इथे चुकलेला असेल, आणि आपण का चुकलो हे पाहायला तो मागची पानं उलटेल.

घरी आल्यावर पहाट व्हायला थोडा वेळ आहे. नील झोपला आहे. त्याने पत्रात मागितलेली वस्तू ताराच्या खिशात आहे. ती थैलीतून तिने कधी बाजूला ठेवली ते तुम्ही मधल्या एखाद्या प्रकरणात न सांगता दाखवून ठेवा. तारा ती वस्तू त्याच्या उशाशी ठेवते आणि आपल्या अंथरुणात येऊन डोळे मिटून घेते. सकाळी तो ओरडत उठतो, "ताई, सांता आला होता!" ती विचारते, "काय आणलं?" सात वर्षांच्या मुलीसाठी सांताने आपलं काम ताराकडून करून घेतलं. दहा वर्षांच्या भाच्याला आणखी एक गोष्ट कळेल. दोघांचं बरोबर आहे. भेटीवरच्या चिठ्ठीवर नाव कुणाचं, हे लिहू नका.

आता लगेच सगळं हस्तलिखित उघडून बसू नका, दमून जाल. फक्त सातवं प्रकरण नव्याने लिहा: तडा, काळं पाणी, हातमोजा, आणि कंदिलात तीन बोटं तेल. या वेळी पाणी गोठणार नाही. ताराने नीलला दोन हातांनी ओढून बाहेर काढायचं आहे, आणि त्यासाठी हातातला कंदील बर्फावर खाली ठेवायचा आहे. तो कलंडतो आणि एक बोट तेल सांडतं. लिहून झालं की ते एवढंच प्रकरण भाच्याला द्या, मागचं-पुढचं काही सांगू नका. वाचून झाल्यावर त्याने "आता किती उरलं?" असं विचारलं, तर आठवं लिहायला घ्या. विचारलं नाही, तर कुठल्या ओळीला त्याचं लक्ष उडालं तेवढं त्याला पेन्सिलने खूण करायला सांगा आणि ते पान मला पाठवा.